गयामावशींचा हिरवा चेहरा

सोलापूरला जाऊन आलं की चादर आणायची असते, हा आमच्या सावंतवाडीतला अलिखित कायदा आहे. शेजारच्या काकींनी तर मी पिशवी खाली ठेवायच्या आतच विचारलं, "चादर खंय आसा?" नाही आणली म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. चादरींची दुकानं मी पाहिली, दोन-तीन तर अगदी वाटेतच लागली, पण निघायच्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्या तीन दिवसांत मी जेवढे धक्के खाल्ले तेवढे आंबोलीच्या घाटात एसटीच्या मागच्या सीटवर बसूनही खाल्ले नव्हते. ते सगळे इथे सांगते, म्हणजे काकींना निदान चादर का आली नाही ते कळेल.

मी सुलभा. शाळेत चित्रकला शिकवत होते, म्हणजे मुलांनी भिंतीला रंग पुसू नयेत म्हणून आयुष्यभर ओरडत होते, आणि आता मुदतीआधीच निवृत्ती घेतली आहे. सोलापूरला माझी मैत्रीण विशाखा राहते. कोल्हापूरला चित्रकला शिकताना आम्ही दोघी वसतिगृहाच्या एका खोलीत होतो. आमच्या कपाटाच्या दारावर कुठल्याशा मासिकातून कापलेलं एक रंगीत पान चिकटवलेलं होतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका डच चित्रकारानं केलेलं ते स्वतःचंच व्यक्तिचित्र. हा गृहस्थ जपानला कधी गेला नाही, पण जपानी लाकडी ठशांची स्वस्त चित्रं त्यानं ढिगानं जमवली आणि त्यांच्या पायी पार वेडा झाला. सपाट रंग, ठसठशीत कडा, सावलीची भानगड नाही. तर या चित्रात त्यानं स्वतःला चक्क जपानी भिक्खू करून टाकलंय. बारीक कापलेलं डोकं, मुद्दाम किंचित तिरके काढलेले डोळे, मागे फिकट हिरवा रंग आणि तोच हिरवा चेहऱ्यावरही उतरलेला. त्या पानापुढे बसून विशाखा आणि मी तासन्‌तास वाद घालायचो.

मार्चच्या सुरुवातीला विशाखाचा फोन आला. "आईचं चित्र केलंय. ये आणि बघ."

"फोटो पाठव की."

"फोटो नाही पाठवणार. ये."

"मावशींना आवडलं का?"

"तिला माहीत नाही काढलंय ते," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मी दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं.

शुक्रवार: दाण्याच्या मुलखात

त्या दिवसांत आमच्याकडे सकाळी अंगणात धुकं असतं. सोलापूरच्या स्टँडवर उतरले तर उन्हानं सरळ थोबाडीतच मारली. विशाखा स्कूटर घेऊन आली होती. ती वाळली होती आणि बोलायचं नाव नाही. अक्कलकोट रस्त्याच्या अलीकडच्या त्यांच्या वसाहतीत वळता वळता तिनं एकच वाक्य टाकलं, "आईकडं टक लावून बघू नकोस." मला वाटलं, मावशी म्हाताऱ्या झाल्या असतील.

मला आठवत होत्या त्या गयामावशी म्हणजे जरब. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाई खात्यात कामाला होत्या. नवरा लवकर गेला, दोन्ही पोरं एकटीनं शिकवली. वसतिगृहावर यायच्या तेव्हा भाकऱ्यांची चवड घेऊन यायच्या आणि मेसच्या बाईशी भांडून जायच्या. आणि केस! मनगटाएवढी जाड वेणी, कमरेच्या खाली लोंबणारी. आम्ही मुली त्या वेणीकडे नुसत्या बघत बसायचो.

दार उघडलं ते डोक्याला लाल-पांढरा टॉवेल घट्ट बांधलेल्या एका बाईनं. भुवया नाहीत. पापण्यांचे केस नाहीत. चेहऱ्याचं कातडं ओढलेलं, पिवळट. मी चप्पल काढायची विसरले. नमस्कार करायचं विसरले. विशाखानं सांगितलेलं एकच वाक्य, तेही विसरले आणि टक लावून बघत राहिले.

"काय बगतीस? भूत न्हाय मी," मावशी म्हणाल्या. "आत ये, ऊन लागंल."

आवाज मात्र तोच होता. त्या आवाजाला धरून मी आत गेले.

जेवायला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दाण्याची आमटी. कडक भाकरी हा प्रकार ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, ती पापडासारखी मोडते आणि महिनाभर टिकते. आमच्याकडे भात दुपारचा रात्री उरला तरी घरात चर्चा होते. आणि आमच्याकडे जिथे जिथे नारळ पडतो तिथे तिथे इथे दाणे पडतात. मला राहवलं नाही. "मावशी, तुमच्याकडे नारळ मिळत नाही का हो?"

"मिळतो की. देवाफुडं फोडायला," त्या म्हणाल्या. "म्हंजी, दुसऱ्यांच्या देवाफुडं." बौद्धांच्या घरात बसून मी हा प्रश्न विचारला होता. विशाखा पहिल्यांदाच हसली. मावशींनी स्वतः मात्र दोन घास आमटीत कालवले आणि ताट बाजूला सारलं. तोंड आलं होतं त्यांना.

दुपारी त्या आडव्या झाल्यावर विशाखानं स्वयंपाकघरात मला सगळं सांगितलं. छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, मग केमोचे डोस सुरू झाले. दुसऱ्या डोसानंतर एका सकाळी केस उशीवर तसेच राहिले. मावशींनी ते गोळा केले, डोक्याला टॉवेल बांधला आणि म्हणाल्या, बास. उरलेले डोस घ्यायला त्या गेल्याच नाहीत. डॉक्टर रागावले, पुण्याहून विशाखाच्या धाकट्या भावानं फोनवर आरडाओरडा केला, विशाखा पाया पडली. त्यांचं एकच. बोडकी होऊन मरायचं न्हाय मला.

"बोडकी" हा शब्द विशाखानं इतक्या हळू उच्चारला की मला तो पुन्हा विचारावा लागला. नवरा मेलेल्या बाईच्या डोक्यावरून पूर्वी वस्तरा फिरायचा, तेव्हाचा हा शब्द. शिवीसारखा वापरतात. आजार परवडला, पण हा शब्द नको, असं मावशींचं झालं होतं.

"घरातले आरसे पण काढायला लावलेत तिनं," विशाखा म्हणाली. न्हाणीघरात भिंतीवर नुसता खिळा पाहिला होता मी. तो कशाचा ते आता कळलं.

शनिवार: एमआयडीसी आणि एक नातू

सकाळी मला टॉवेल घ्यायची हुक्की आली. दुकानात नको, थेट कारखान्यात, असा माझा हट्ट. विशाखा नको नको म्हणत होती, पण मी पाहुणी. मावशी आतून म्हणाल्या, "ने की तिला. पर माझं नाव काडू नगा तितं."

एमआयडीसीत मागांचा खडखडाट असा की समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घ्यावं लागतं. सायकली आणि मोटरसायकली सावली बघून लावलेल्या. रंगवलेल्या सुताच्या लाल, निळ्या, हिरव्या लडी उन्हात टांगलेल्या होत्या आणि मी तिथेच उभी राहिले. रंगांना ना सावली ना मधली छटा. लाल म्हणजे लाल, त्याला चिकटून निळा म्हणजे निळा. त्या डच माणसाला इथे आणून उभं केलं असतं तर तो परत गेला नसता, असं मी विशाखाच्या कानात ओरडले. ती म्हणाली, "चल लवकर."

लवकर कुठलं. शिलाई खात्यातून एक बाई धावत आली. लक्ष्मीअक्का, मावशींची शेजारच्या मशीनवरची मैत्रीण. घरात तेलुगू बोलणाऱ्या विणकरांपैकी. तिनं विशाखाचे दोन्ही हात धरले. "गयाक्का कधी येनार गं पुन्याहून? फोन बी उचलत न्हाय. नातू कसा हाय?"

मी विशाखाकडे पाहिलं. कुठला नातू? तिच्या भावाचं तर अजून लग्नही झालेलं नाही! मी "अहो, पण त्या तर..." एवढं बोलले असेन, तेवढ्यात विशाखानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठ दिवस वळ होता.

"बरा हाय," विशाखा म्हणाली. "बाळसं धरलंय."

"आजी झाली की मानूस इसरते मैत्रिनीला," लक्ष्मीअक्का म्हणाली आणि आत जाऊन एक छोटा, मऊ, पिवळा टॉवेल घेऊन आली. "बाळाला. त्याच्या अंगाला टोचनार न्हाय असा शोदून ठेवलता मी."

विशाखानं तो घेतला. आम्ही कारखान्याच्या फाटकाबाहेर आलो. मग मी एकदम फुटलेच. "अगं, मावशी खोटं बोलतात? गयामावशी? मेसच्या बाईनं वरणात पाणी घातलं म्हणून पंचायत भरवणाऱ्या?"

"केस गेलेत ते कुणाला कळू नये म्हणून तिनं अख्खा नातू जन्माला घातलाय," विशाखा म्हणाली. हसावं की रडावं ते मला कळेना. टॉवेल घ्यायचे राहिलेच.

शनिवार, दुपार: भिंतीकडचं चित्र

मावशींचा डोळा लागल्यावर विशाखानं मला तिच्या खोलीत नेलं. भिंतीकडे तोंड करून ठेवलेला कॅनव्हास तिनं फिरवला आणि मी मागे सरकले. खरंच, पाऊलभर मागे सरकले.

दुपारी झोपेतून उठल्यावर मावशी खाटेवर बसतात, त्या घटकेचं ते चित्र होतं. डोक्यावर टॉवेल नाही. अंगाभोवती गुंडाळलेली तांबूस चादर एका खांद्यावरून घसरलेली. उघडं, गोल, गुळगुळीत डोकं. चेहऱ्याच्या उजव्या बाजूला जिथे सावली हवी तिथे सावली नव्हतीच, तिथे हिरवा होता. कच्च्या कैरीचा हिरवा. गालाच्या हाडावर शेंदरी, पापण्यांच्या कडांना तांबडा, आणि सगळ्या चेहऱ्याभोवती एक निळी, न थरथरता ओढलेली रेघ. मागे फिकट हिरवा, आणि त्यात कुंचल्याचे फटकारे डोक्याभोवती गोल गोल फिरलेले. अंगण सारवताना शेणात बोटांच्या रेषा उमटतात ना, तशा. रंग इतका जाड की त्या रेषांवरून बोट फिरवलं तर अडेल.

भुवया नसल्यामुळे डोळे लांबट, किंचित तिरके दिसत होते. ते कुठेच बघत नव्हते. नुकतं जागं झालेलं माणूस आपल्याला कुठे काय दुखतंय ते चाचपतं, तसे आतल्या आत वळलेले होते.

"कपाटावरचं पान," मी म्हटलं.

"हं. आई एकदा अशी बसली होती आणि मला तेच पान दिसलं. मग रोज दुपारी ती झोपून उठली की दाराच्या फटीतून बघायचे आणि इथं येऊन रंग लावायचे." विशाखा माझ्याकडे न बघता बोलत होती. "खरं सांग. चांगलं झालंय का?"

तीस वर्षं तिनं विहारांच्या भिंती रंगवल्या, शाळेचे फलक रंगवले, लोकांच्या लग्नातले फोटो बघून गुळगुळीत गुलाबी चेहरे काढून दिले. ते सगळं मी पाहिलं होतं आणि छान छान म्हटलं होतं. हे त्यातलं नव्हतं. मी म्हटलं, "तू आजवर केलेल्यातलं हे सगळ्यात चांगलं आहे. आणि मला इथून पळून जावंसं वाटतंय."

मग मात्र माझ्यातली मास्तरीण जागी झाली. हिरव्याशेजारी शेंदरी ठेवल्यानं तो कसा ओरडतो, सावली काढून टाकल्यानं चेहरा कसा ठशातल्या चित्रासारखा समोर येतो, फटकाऱ्यांची दिशा का बदलली नाहीस, असं मी तासभर बोलले. मला फार भीती वाटली की मी अशीच भरभरून बोलते. शेवटी म्हटलं, "मावशींना दाखव हे."

"वेडी आहेस का?" विशाखा म्हणाली. "आरसे काढलेत तिनं. मला घरातून हाकलून देईल." आणि तिनं कॅनव्हास पुन्हा भिंतीकडे फिरवला.

रविवार: पौर्णिमा

विशाखाच्या खोलीत उजेड नाही, नुसती ट्यूबलाइट. मला ते चित्र सकाळच्या उजेडात बघायचं होतं. मावशी न्हाणीघरात गेल्या, त्यांना आता अंघोळीला वेळ लागतो, म्हणून आम्ही दोघींनी चित्र उचलून बाहेरच्या खोलीत आणलं. खिडकीशेजारी बुद्धमूर्तीचा कोनाडा आहे. त्याच्या बाजूच्या स्टुलावर चित्र टेकवलं. खिडकीतून ऊन आलं आणि तो हिरवा एकदम पेटला. तेवढ्यात आत दूध उतू गेलं. करपल्याचा वास आला तशा दोघी धावलो. गॅस पुसा, पातेलं उतरवा, पुन्हा दूध टाका, या गडबडीत बाहेरचं दार उघडं आहे आणि आज पौर्णिमा आहे, हे दोन्ही आम्ही विसरलो.

पौर्णिमेला विशाखाची आत्या वळसंगहून येते. मावशींची थोरली नणंद. पांढरं स्वच्छ लुगडं, हातात पिशवी, पिशवीत मेणबत्त्या, अगरबत्ती आणि शेतातली फुलं. गयाला मोठं दुखणं झालंय हे तिला ठाऊक होतं, पण टॉवेलाखालचं डोकं तिनं पाहिलेलं नव्हतं. नणंदेला ते दाखवण्यापेक्षा मावशी विहिरीत उडी टाकतील, असं विशाखा म्हणायची.

विशाखा आणि मी हात पुसत बाहेर आलो तर अगरबत्तीचा वास. स्टुलासमोर मेणबत्ती लागलेली, चित्राच्या पायाशी फुलं वाहिलेली, आणि आत्या गुडघे, कोपर आणि कपाळ जमिनीला टेकवून चित्राला प्रणाम करत होती.

आत्या सावकाश उठली, हात जोडलेलेच, आणि मागे वळून विशाखाला म्हणाली, "जयभीम गं. कुटले हे भंतेजी? लई शांत हाय चेहरा. जपानचे व्हय?"

मी दाराची चौकट धरली. कोल्हापूरच्या त्या कपाटापुढे बसून आम्ही किती पुस्तकं उलथीपालथी केली होती! आपण जपानी भिक्खू काढलाय हे त्या चित्रकाराला स्वतःच्या भावाला पत्रातून सांगावं लागलं, तेव्हा जगाला कळलं. आणि ही वळसंगची म्हातारी चष्मा घरी विसरून आली होती.

"जपानचे कशावरून, आत्या?" मी विचारलं.

"डोळ्यावनं की. आमच्या गावात आलते की एकदा जपानचे भंतेजी. असंच बारीक डोळं. त्यास्नी बी भुवया नव्हत्या." तिनं पुन्हा हात जोडले.

आणि न्हाणीघराचं दार वाजलं. टॉवेल बांधून गयामावशी बाहेर आल्या. त्यांनी आधी नणंदेला पाहिलं, मग मेणबत्ती, मग फुलं. मग चित्र. विशाखानं माझा हात इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. मावशींच्या चेहऱ्यावर काय होतंय ते मला बघवेना आणि नजरही काढता येईना.

"वन्सं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "कुनाच्या पाया पडलाय?"

"भंतेजींच्या. तू बी पड, पुनव हाय आज."

"ह्यो भंते न्हाय."

"मग कोन हाय?"

मावशींनी डोक्यावरचा टॉवेल एका झटक्यात ओढून काढला. "मी हाय."

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे. मग ती होती तिथेच खाली बसली. "अगं बया," एवढंच तिच्या तोंडून निघालं. मग आत्याच्या काहीतरी लक्षात आलं. "म्हंजी... मी तुझ्या पाया पडले?"

"पडला की. डोकं टेकलंत. ह्या पोरींनी बगितलंय." मावशींच्या ओठाची एक कड हलली. "लगीन होऊन आले तवापास्नं वाकतीय मी तुमच्याफुडं. आज फिटलं सगळं."

आत्या हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मावशीही हसल्या. हसता हसता आत्याच्या डोळ्यांतून पाणी कधी गळायला लागलं ते कळलंच नाही. "पर गये, तुजी आन," ती म्हणाली, "मला बोडकी बाई न्हाय दिसली गं. मला भंतेजीच दिसलं."

मावशींचं हसू तिथेच थांबलं. त्यांनी तो शब्द ऐकला, आणि तो शब्द त्यांना लागला नाही. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्या चित्राजवळ गेल्या. अगदी नाकासमोर, लहान मुलं काचेला नाक लावून बघतात तशा. महिन्याभरानंतर त्या स्वतःचा चेहरा बघत होत्या. मग त्यांची नजर खाली आली, मेणबत्तीवर आणि फुलांवर.

"फुलं, मेनबत्ती," त्या म्हणाल्या. "जित्या मानसाफुडं कोन ठेवतं?" आणि त्या विशाखाकडे वळल्या. "भितीवर लावायला काडलीस न्हवं? मी गेल्यावर?"

मला वाटलं विशाखा नाही म्हणेल. कालपासून मी त्या चित्रातल्या एकेका फटकाऱ्यावर बोलले होते, पण ते काढलंय कशासाठी हा प्रश्न माझ्या डोक्याला शिवलाही नव्हता.

"व्हय, आई," विशाखा म्हणाली.

आत्या "अगं विशाखे..." म्हणत उठायला लागली, पण मावशींनी तिला हातानंच थांबवलं.

"मग काय करू मी?" विशाखाचा आवाज एकदम चढला. इतक्या दिवसांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. "डोस घ्यायचा न्हाय म्हनालीस. कुनाला भेटनार न्हाय म्हनालीस. फोटो काडू देत न्हाईस. तू जानार आनि माज्याकडं काय ऱ्हानार? ती येनी घातलेली बाई? ती कवाच गेली, आई. मला ही पायजे हाय. बोडकी बी पायजे हाय मला!" ती रडत नव्हती, ओरडत होती. शेजारच्या घरातला टीव्ही बंद झालेला मी ऐकला.

मावशी चित्राकडे वळल्या. मग त्यांनी चित्रातल्या गालावर बोट ठेवलं. रंग अजून ओला होता, बोटाला हिरवा लागला.

"हितं हिरवं का?"

"भ्या वाटत हुतं, तितं हिरवं लागत गेलं."

"कुनाला? मला?"

"न्हाय. मला."

"मला बी वाटतं," मावशी म्हणाल्या. "लई वाटतं. तुला कळू दिलं न्हाय." त्यांनी ते हिरवं बोट लुगड्याला पुसलं, मग खाली वाकून मेणबत्ती उचलली, हाताच्या आडोशानं सांभाळत नेली आणि कोनाड्यात बुद्धमूर्तीपुढे ठेवली. फुलंही गोळा करून तिथेच वाहिली. आत्या त्यांच्याकडे नुसती बघत होती. हात जोडून परत आल्यावर मावशींनी चित्राच्या खालच्या बाजूला पाहिलं.

"हात कुटं हायती माजे?"

"ऱ्हायलेत अजून."

"किती दिस लागतील?"

"चार दिस," विशाखा म्हणाली.

"चार वर्सं लाव," मावशी म्हणाल्या. "काय घाई न्हाय. आनि त्या दवाखान्याला फोन कर, म्हनावं उद्या येतीय."

विशाखानं फोन हातात घेतला, पण तिला नंबर दिसेना, म्हणून तो मी लावला.